चारशे वीसची किल्ली

‘मामा, जागा आहेस?’

रात्री पावणेबाराला असा मेसेज आला की पोटात गोळा येतोच. भाचा नाशिकला, इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला. म्हणजे शक्यता भरपूर. विषय राहिले, गाडी ठोकली, ताईशी वाजलं, नाहीतर कुणीतरी ‘हो’ म्हणाली. मी ‘बोल रे’ टाइप करेपर्यंत धाडकन स्क्रीनशॉट येऊन पडला. कुठल्याशा वेबसाइटचं पान. त्यावर ‘फॅक्टोरिओ’ नावाच्या गेमचं चित्र. खाली लाल अक्षरांत किंमत, ४२० रुपये. बाजूला उलटं पळणारं घड्याळ, ऑफर संपायला ११ मिनिटं बाकी. आणि त्याखाली आमच्या चिरंजीवांचं निवेदन : ‘स्टीमवर कितीतरी महाग आहे. इथे की मिळतेय. घेऊ ना? तुझं कार्ड लागेल, माझ्या कार्डावर इंटरनॅशनल बंद आहे.’

४२०! आकडा तरी बदलायचा, बॉस. (जुलै २०२४ पासून फसवणुकीचं कलम भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, पण ‘तो एक नंबरचा ३१८ आहे’ असं म्हणण्यात काही मजा नाही.)

मी लिहिलं, ‘घड्याळ संपू दे. मग पान रिफ्रेश कर.’

‘अरे, मग ऑफर जाईल!’

‘जाऊ दे. कर तर खरं.’

बाराच्या ठोक्याला उत्तर आलं. ‘मामा, परत १५ मिनिटं दाखवतंय...’

चला, पोराचं लक्ष तर लागलं. मग रात्री एक वाजेपर्यंत त्याला जे काही सांगितलं, ते इथे जरा नीट मांडतोय. कारण ऑफिसात चौकशी केली तर आमच्या फ्लोअरवरच्या चौघांनी अशाच साइट्सवरून गेम घेतलेत. चांगली शिकली-सवरलेली, एसआयपीचे हप्ते न चुकवणारी मंडळी. आणि त्यांच्या आधी, नोव्हेंबर २०१८ मध्ये, हाच उद्योग मी स्वतः केला होता.

ज्यांना गेमिंगचा गंध नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. कॉम्प्युटरवरचे गेम आता डबीत येत नाहीत. स्टीम नावाचं ऑनलाइन दुकान आहे, व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीचं, २००३ पासूनचं. तिथे खातं काढायचं, गेम घ्यायचा, उतरवून खेळायचा. पण स्टीमबाहेरही गेम विकत मिळतो, तो किल्लीच्या रूपात. किल्ली म्हणजे नुसता कोड. अक्षरं आणि आकडे, पाच-पाचच्या तीन गटांत. तो आपल्या स्टीम खात्यात टाकला, गेम आपला. एकदा वापरला, कोड संपला. (इंग्रजीत तिला ‘की’ म्हणतात. पण मराठी वाक्यात की आली की ती कुठली की, असा घोळ होतो. म्हणून मी आपला किल्लीच म्हणणार.)

आता गंमत बघा. गेम बनवणाऱ्याला या किल्ल्या व्हॉल्व्हकडून फुकट मिळतात आणि त्या बाहेर विकल्या तर व्हॉल्व्ह त्यात आपला कट घेत नाही. त्यामुळे बाहेरचं दुकान स्वतःच्या मार्जिनमधून थोडं सोडून खुशाल सूट देऊ शकतं. हम्बल, फॅनॅटिकल, ग्रीन मॅन गेमिंग ही अशी दुकानं. गेमच्या प्रकाशकाशी करार करून, त्याच्याकडूनच किल्ल्या घेऊन विकणारी. स्वस्त आहे म्हणजे चोरीचंच, असं अजिबात नाही. हे आधी सांगितलेलं बरं, नाहीतर मामा बोअर मारतो असा शिक्का बसायचा.

भानगड आहे ती दुसऱ्या प्रकारच्या जागी. मुंबईकरांनी चोर बाजार डोळ्यांपुढे आणावा, पुणेकरांनी जुना बाजार. जागेचा मालक वेगळा, पथारी टाकून बसलेला वेगळा. मालक पथारीमागे पैसे घेतो, मोठ्ठा दिवा लावतो, गर्दी खेचतो. पथारीवरचा माल कुठून आला, ते पथारीवाल्याला विचारायचं. ऑनलाइन किल्लीबाजारही तसाच असतो. पान चकचकीत, नाव एकच, पण खाली बारीक अक्षरांत ‘विक्रेता : अमुकतमुक’ असं लिहिलेलं. आपण बघतो का ते? मी तर बघितलं होतं! विक्रेत्याचं रेटिंग ९८ टक्के होतं. म्हटलं, सॉल्लिड.

तर ती कहाणी.

तेव्हा मी खराडीला एका बॅक ऑफिसात रात्रपाळी करत होतो. संध्याकाळी साडेसहाची कॅब, पहाटे साडेतीनला सुट्टी. क्लायंट एक अमेरिकन बँक, आणि आमचं काम डिस्प्यूट्स. म्हणजे क्रेडिट कार्डाच्या स्टेटमेंटवर एखादी रक्कम बघून गिऱ्हाईक म्हणतं, ‘हे मी केलेलंच नाही,’ तिथून पुढचं सगळं. फोन घ्यायचा, फॉर्म भरायचा, कारणाचा कोड टाकायचा. व्हिसाचं कार्ड आणि ऑनलाइन फ्रॉड असेल तर १०.४. हा नंबर मला आजही झोपेतून उठवून विचारलात तरी सांगेन. मग पैसे दुकानदाराच्या खात्यातून उलटे फिरवायचे. यालाच चार्जबॅक म्हणतात.

दिवाळीचा बोनस हातात होता. एक नवाकोरा गेम आला होता, स्टीमवर तीन हजाराच्या घरात. बाजारात तो मला साडेआठशेला दिसला. (गेमचं नाव सांगत नाही, कारण त्यांची यात काहीच चूक नव्हती.) पैसे भरताना ‘संरक्षण हवं का?’ असा एक चौकोन आधीच टिक करून ठेवलेला होता. मी हुशारीने तो काढला. पाच मिनिटांत ई-मेलवर किल्ली आली, स्टीममध्ये टाकली, गेम उतरू लागला. मी तेवढ्याच खुशीत त्या विक्रेत्याला पाच तारे देऊन टाकले. त्याच्या ९८ टक्क्यांत माझाही वाटा.

पुढचे दोन महिने काय विचारता! सुट्टीच्या दिवशी दुपारी उठायचं, चहा टाकायचा आणि बसायचं. साठेक तास तरी खेळलो असेन.

डिसेंबरात एक कॉल आला. बाईंचं नाव-गाव सांगणार नाही, सांगणं बरोबरही नाही. आवाजावरून सत्तरीच्या पुढच्या, शाळेच्या लायब्ररीतून रिटायर झालेल्या. त्यांच्या कार्डावर एकाच रात्रीत, २० मिनिटांच्या आत, एका ऑनलाइन दुकानात ११ वेळा खरेदी झाली होती. प्रत्येक वेळी साठ डॉलरला एक सेंट कमी. सगळे व्हिडिओ गेम. बाईंच्या घरी कॉम्प्युटर होता तो नातवंडांचे फोटो बघायला. मी नेहमीचं पाठांतर सुरू केलं. मॅडम, काळजी करू नका, कायद्याने तुमची जबाबदारी जास्तीत जास्त ५० डॉलरची, ती रक्कमही बँक माफ करतेय, जुनं कार्ड बंद, नवं पोस्टाने येईल. सगळं ऐकून घेतल्यावर बाई चाचरत म्हणाल्या, ‘मग ते गेम मला परत पाठवावे लागतील का? माझ्याकडे आलेच नाहीत हो.’

कॉल म्यूट करून मी हसलो. ब्रेकमध्ये मॅगी खाताना पोरांना सांगितलं, तीही हसली. पुढचे दोन-तीन आठवडे आमच्यात ‘गेम परत पाठवावे लागतील का?’ हा जोक चालला होता.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी मी लॅपटॉप उघडला आणि गेम गायब. सगळी लायब्ररी जागच्या जागी, फक्त तोच नाही. एक छोटीशी सूचना होती, किल्ली रद्द करण्यात आली आहे. सपोर्टला लिहिलं तर दोन दिवसांनी सभ्य उत्तर आलं. ही किल्ली फसवणुकीच्या व्यवहारातून विकत घेतली गेली होती, तुम्ही जिथून घेतलीत तिथे दाद मागा. तिथे गेलो तर पाच ताऱ्यांचा विक्रेता दुकान गुंडाळून पसार, आणि बाजारवाल्यांचं म्हणणं, तुम्ही संरक्षण घेतलं नव्हतं. साडेआठशे रुपये गेले. गेले तर गेले. एका शनिवारच्या पिझ्झाएवढे.

मग सोमवारी कामावर गेलो. पहिलीच फाइल उघडली, १०.४, ऑनलाइन दुकान, डिजिटल माल... आणि च्यायला, ट्यूब पेटली.

तीन वर्षं मी या धाग्याचं एक टोक हातात धरून बसलो होतो आणि दुसरं टोक कुठे जातं हे एकदाही मनात आलं नव्हतं. चोरलेल्या कार्डावर चोर टीव्ही का घेत नाही? टीव्हीला पत्ता लागतो, कुरिअर लागतं, दारात माणूस उभा राहावा लागतो. किल्लीला काहीच नको. कार्डाचा नंबर टाकला, मिनिटात कोड ई-मेलवर हजर. पण चोराला काय गेम खेळायचाय? त्याला रोकडा हवाय. त्यासाठी त्याला साठ डॉलरची वस्तू बारा-पंधरा डॉलरला घेणारं, स्वतःच्या पैशांनी, चोख व्यवहार करणारं एक गिऱ्हाईक लागतं. साधं, सरळ, पगारदार. म्हणजे मी! बाईंच्या कार्डावरचा चोरीचा पैसा धुऊन पांढरा करून देणारं मशिन माझ्यासारख्यांच्या साडेआठशे रुपयांवर चालतं.

ती त्या बाईंच्याच कार्डावरची किल्ली होती, असं मी म्हणत नाही. तसं असण्याची शक्यता लॉटरी लागण्याइतकी. पण कुणाच्या तरी कार्डावरची होतीच की. त्या कुणीतरीही कुठल्यातरी रात्रपाळीच्या पोराला फोन केलाच असणार.

तोटा कुणाचा झाला, हेही आम्हीच कागदावर मांडायचो. बाईंचे पैसे बँकेने परत दिले. बँकेने ते दुकानाकडून वसूल केले, वर चार्जबॅकची फी लावली. दुकान जर गेम बनवणाऱ्यांचं स्वतःचं असेल, तर त्यांचा गेमही गेला, पैसेही गेले आणि फी खिशातून. चोराचे पैसे मात्र चोरापाशीच.

आणि यातलाच एक बारकावा भाच्याला मी तीन वेळा सांगितला. किल्ली पहिल्या दिवशी चालली, याचा अर्थ काहीही होत नाही. कार्डाचं स्टेटमेंट महिन्याने येतं. त्यानंतर माणूस ते कधी वाचेल त्याचा नेम नाही. फ्रॉडची तक्रार पुढे दुकानापर्यंत न्यायला व्हिसाच्या नियमात १२० दिवसांपर्यंत मुदत असते. तोवर किल्ली ठणठणीत. रेटिंग मात्र आपण पहिल्या पाच मिनिटांत देऊन मोकळे! त्यामुळे विक्रेत्याचे ९८ टक्के म्हणजे ‘किल्ली लागली’ याचे टक्के, ‘किल्ली कुठून आली’ याचे नव्हेत.

आपल्याकडे हा प्रकार त्या मानाने अवघड जातो, कारण ऑनलाइन कार्डव्यवहारात नंबराखेरीज आणखी एक खातरजमा हवीच, हे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९ पासून सक्तीचं केलं. तोच आपला लाडका ओटीपी. ओटीपी आला नाही म्हणून आपण बोंब मारतो, पण अमेरिकेत कित्येक दुकानांत नुसता नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे एवढ्यावर गाडी सुटते. आमच्या अख्ख्या फ्लोअरचा पगार त्यावरच निघायचा.

‘मामा, हे तुझं एक झालं,’ भाचा म्हणाला. ‘सगळ्यांचं असंच होतं कशावरून?’

बरोबर आहे. सगळ्यांचं होत नाही. बाजारातल्या बऱ्याच किल्ल्या सरळमार्गी असतात. कुणी दहा गेमचा गठ्ठा घेतो, त्यातले दोनच त्याला हवे असतात, उरलेले विकतो. कुणी एखाद्या स्वस्त देशातून उचलून महाग देशात विकतो, म्हणजे नियमाला बगल, पण चोरी नव्हे. काही किल्ल्या तर खोटं बोलून मिळवलेल्या. ‘माझं मोठं यूट्यूब चॅनेल आहे, परीक्षणासाठी पाठवा’ असं लिहून छोट्या कंपन्यांकडून उकळायच्या आणि बाजारात मांडायच्या. अडचण एवढीच, की पथारीवर या सगळ्या एकाच ढिगात असतात आणि दिसायला अगदी सारख्या.

पण ज्यांची कागदोपत्री नोंद आहे अशा गोष्टीही आहेतच. जानेवारी २०१५ मध्ये यूबिसॉफ्टने ‘फार क्राय ४’च्या किल्ल्या रद्द केल्या. कुणीतरी चोरीच्या कार्डांवर एका अधिकृत दुकानातून त्या घेऊन पुढे विकल्या होत्या. खेळणाऱ्यांनी आरडाओरडा केल्यावर, ज्यांनी आधीच खेळायला सुरुवात केली होती त्यांना गेम परत मिळाला. मोठी कंपनी, तिला परवडलं.

आणि दुसरी गोष्ट थेट भाच्याच्या स्क्रीनशॉटमधली! फॅक्टोरिओ हा गेम प्रागच्या वूबे सॉफ्टवेअर या कंपनीने केलाय. कारखाना उभारायचा गेम आहे. खाणीतून लोखंड काढा, पट्ट्यांवरून ते पळवा, यंत्रं जोडा. इंजिनीअरिंगच्या पोरांना गांजासारखा चढतो असं ऐकून आहे. ही मंडळी गेम स्वतःच्या साइटवरूनही विकतात. २०१६ मध्ये त्यांच्याकडून चोरीच्या कार्डांवर किल्ल्या घेतल्या गेल्या आणि चार्जबॅकचा मारा सुरू झाला. पुढे २०१९ मध्ये जी-टू-ए या मोठ्या किल्लीबाजाराने जाहीर केलं की, आमच्याकडे चोरीच्या किल्ल्या विकल्या गेल्याचं सिद्ध झालं तर नुकसानाच्या दहापट देऊ. वूबेवाले पुढे आले. तपासणी झाली. मे २०२० मध्ये जी-टू-एने स्वतःच मान्य केलं की त्यातल्या १९८ किल्ल्या त्यांच्या बाजारात विकल्या गेल्या होत्या, आणि वूबेला ३९,६०० डॉलर मोजले. बोलले तसे वागले, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. त्याच वर्षी त्यांनी किल्ल्या विकायची मुभा फक्त नोंदणीकृत व्यावसायिकांपुरती केली, हेही.

पण १९८ किल्ल्या म्हणजे १९८ गिऱ्हाइकं. त्यांतल्या किती जणांना आपण काय घेतोय हे माहीत असेल? मला वाटतं, एकालाही नाही. माझ्यासारखीच सगळी. २०१९ च्या जुलैमध्ये ‘नो मोअर रोबॉट्स’ या छोट्या प्रकाशन संस्थेचे माइक रोज वैतागून म्हणाले होते की, या बाजारातून घेण्यापेक्षा आमचे गेम सरळ पायरेट करा! गेम विकून पोट भरणारा माणूस ‘चोरून खेळा, पण तिथून घेऊ नका’ म्हणतो, म्हणजे त्याचं किती जळलं असेल बघा. चोरून खेळलं तर निदान चार्जबॅकची फी तरी लागत नाही ना.

आता फॅक्टोरिओबद्दलची मजेशीर गोष्ट. हा गेम कधीच सेलमध्ये येत नाही. कधीच म्हणजे कधीच. दिवाळी, नाताळ, समर सेल, काहीही असो. सूट देणार नाही, हे त्या कंपनीचं जाहीर धोरण आहे. उलट जानेवारी २०२३ मध्ये त्यांनी किंमत ३० डॉलरवरून ३५ केली. मग भाच्याला दिसलेले ते ४२० रुपये आले कुठून? मालक सूट देत नाही, दुकानदाराला द्यायला परवानगी नाही, तरी पथारीवर निम्म्याहून कमी. कदाचित स्वस्त देशातून उचललेला माल असेल, कदाचित चोरीच्या कार्डावरचा, कदाचित किल्ली नाहीच, नुसतं मामाच्या कार्डाचा नंबर मिळवायचं आमिष. त्या उलट्या घड्याळाकडे बघता मी तिसऱ्यावर पैज लावली असती.

‘मग आम्ही गरिबांनी खेळायचंच नाही का?’ ताईचं सगळं नाटकी रक्त या पोरात उतरलंय.

खेळा ना बाबा. स्टीमवर २०१५ पासून भाव रुपयांत लागतात आणि पुष्कळ गेमचा रुपयांतला भाव डॉलरपेक्षा मुळातच कमी असतो. पोरं डॉलरच्या साइटवर ‘२० टक्के ऑफ’ बघून भुलतात. त्यावर बँकेचा परकीय चलनाचा आकार पडला की सगळा हिशोब तोच. वर्षातून चार मोठे सेल असतात, स्प्रिंग, समर, ऑटम आणि विंटर. चार-पाच वर्षं जुना झालेला गेम तेव्हा ७०-८० टक्क्यांनी उतरलेला दिसणं अगदी कॉमन. ‘द विचर ३’ मी तसाच घेतला. विशलिस्टमध्ये टाकून ठेवायचा आणि विसरायचा. भाव पडला की मेल येतो. एपिक गेम्सचं दुकान २०१८ च्या डिसेंबरात सुरू झालं तेव्हापासून गेम फुकट वाटतंय. माझ्या खात्यात असे इतके साठलेत की रिटायर झाल्यावर खेळायला घेईन.

आणि किल्ली घ्यायचीच असेल, तर ‘इज देअर एनी डील’ नावाची एक साइट आहे. गेमचं नाव टाकलं की अधिकृत दुकानांतले आजचे भाव आणि आजवरचा नीचांक समोर येतो. माझा साधा फंडा आहे. दुसरीकडचा भाव या नीचांकाच्याही बराच खाली असेल, तर मी टॅब बंद करतो. चौकशी नाही, रेटिंग नाही, काही नाही. शंका असेल तर गेम बनवणाऱ्यांच्या स्वतःच्या साइटवर जावं, ते आपला गेम कुठे मिळतो त्याच्या लिंक देतात.

एक गोष्ट मात्र धरून चालावी. बाहेरून आणलेली किल्ली आवडली नाही म्हणून स्टीम पैसे परत देत नाही. थेट स्टीमवर घेतलेला गेम दोन तासांहून कमी खेळला असेल आणि १४ दिवस उलटले नसतील, तर मागेल त्याला रिफंड आहे, जून २०१५ पासून. चार पैसे जास्त पडतात, ते याचे.

भाच्याचे मित्र आणखी एक शक्कल लढवतात म्हणे. व्हीपीएन लावून परदेशातलं खातं काढायचं आणि तिकडच्या भावात घ्यायचं. त्या धंद्याची दोन मोठी ठिकाणं होती तुर्कस्तान आणि अर्जेंटिना. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्टीमने तिथले स्थानिक चलनातले भाव बंद करून डॉलर लावले. थोडक्यात, आपल्यासारख्या हुशार परकीयांचाही भार तिथल्या खऱ्या गिऱ्हाइकांवर पडला. शिवाय खातं लॉक झालं तर सगळी लायब्ररी अडकते, ते वेगळंच.

आणि इन्स्टाग्राम-टेलिग्रामवर ‘कोणताही गेम ९९ रुपयांत’ म्हणतात ना, ती किल्लीसुद्धा नसते. एकाच खात्याचा पासवर्ड पन्नास जणांना विकलेला असतो. त्यावर मी काही बोललो नाही, नुसता हात जोडलेला इमोजी टाकला.

कार्डाचं विचाराल तर इंटरनॅशनल व्यवहार एरवी बंद ठेवावेत, लागेल तेव्हा अ‍ॅपमधून चालू करावेत, काम झालं की परत बंद. २०२० पासून नवी कार्डं याच कारणासाठी बंद अवस्थेत येतात. भाचा ज्याला अडचण समजत होता, ती सोय आहे! स्टीमवर तर यूपीआय चालतं, कार्डाची गरजच नाही. आणि एवढं करूनही कुणी गंडवलंच, तर लाजत बसू नये. १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करावा. पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता असते, दोन दिवसांनी ते कुठल्या कुठे गेलेले असतात. मी तेव्हा काहीच केलं नव्हतं. डिस्प्यूटमध्ये काम करणाऱ्याने डिस्प्यूट टाकायचा, याचीच लाज वाटली.

एक वाजून दहा मिनिटांनी भाचा म्हणाला, ‘ठीक आहे, नको घेऊ. पण मग मी आत्ता काय करू?’

फॅक्टोरिओचा डेमो फुकट आहे, त्यांच्या साइटवरही आणि स्टीमवरही. तो उतरव म्हटलं, झोप येईपर्यंत खेळ. खरंच आवडला तर पूर्ण भावाने मी घेऊन देईन, पण सेमिस्टरचा निकाल लागल्यावर. फोन सायलेंट केला आणि आडवा झालो.

सकाळी उठून बघतो तर तीन मेसेज. पहिला पावणेतीनचा : ‘मामा, भारी आहे.’ दुसरा साडेचारचा, एका लांबलचक पट्ट्याचा फोटो, त्यावरून लोखंडाचे ठोकळे शिस्तीत चाललेले. तिसरा सहा वाजून पाच मिनिटांचा.

‘डेमो संपला. निकाल २२ तारखेला आहे.’